टेम्पोचं पासिंग: गाडी ठाण्याची, आम्ही ऐरोलीत. न्यायची कुठे आणि तपासतात काय?

भांडीवाली_ऐरोली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आमचा भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. बारसं, साखरपुडा, सत्यनारायण, गणपतीतले भंडारे, काहीही असो. टोप, पराती, ताटं, गॅसच्या शेगड्या असं सगळं पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी खरकट्यासकट परत आणायचं. धंदा पप्पांनी कळव्यात उभा केला, आता आम्ही ऐरोलीत राहतो. गाडी एकच, २०१७ च्या जुलैमध्ये घेतलेला छोटा हत्ती, नंबर एमएच-०४. आरसीवर पत्ता अजून कळव्याच्या चाळीचाच आहे. पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कागदपत्रांची पिशवी माझ्याकडे आली. आतापर्यंत त्या पिशवीत मी फक्त इन्शुरन्सचा कागद शोधायला हात घालत होते.

या महिनाअखेर टेम्पोचा फिटनेस (पासिंग झालं की मिळणारा, गाडी चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला) संपतोय. पप्पा म्हणतात, "पासिंग दोन वर्षांनी असतं, गेल्या वर्षीच तर केलंय." पण कागदावर मुदत एकाच वर्षाची आहे. ड्रायव्हर म्हणतो एजंटला द्या. एजंटला फोन केला तर म्हणाला, "साडेसहा हजार, सगळं धरून." सगळं म्हणजे काय विचारलं तर "ताई, सगळं म्हणजे सगळं." वर म्हणे गाडी आणायचीही गरज नाही, चारी बाजूंचे फोटो आणि चेसिस नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो तो) फोटो व्हॉट्सॲप करा. इथे मला शंका आली. गाडी न बघता गाडी फिट आहे हे ठरतं कसं?

तर मला हे कळायला हवंय: गाडी ठाण्याला न्यायची, वाशीच्या हद्दीत, की कल्याणला? (पप्पांना कल्याणच्या पुढचा कुठलातरी ट्रॅक आठवतो.) तिथे नेमकं काय बघतात? आणि एक वर्षच का मिळालं?

जाता जाता आणखी एक. घरची वॅगन आर २०११ ची आहे, तिला ऑगस्टमध्ये १५ वर्षं होतील. तिचंही असंच पासिंग असतं का?

तुर्भेकर

ताई, साडेसहा जरा जास्त सांगतोय, पण द्या आणि मोकळ्या व्हा. मार्केटमधले आम्ही सगळे असंच करतो. तुमचा एक दिवस फुकट गेला की भाडं गेलं, ड्रायव्हरची हजेरी गेली, डिझेल गेलं, हिशेब तेवढाच होतो. आणि वॅगन आरचं विसरा. १५ वर्षं झाली की भंगार, कायदाच आहे आता.

गॅरेजकाका

तुर्भेकर, १५ वर्षांनी भंगार हा कायदा आपल्याकडे नाही. दिल्ली आणि आजूबाजूच्या पट्ट्यात डिझेल १० वर्षं आणि पेट्रोल १५ वर्षं अशी बंदीची भानगड सुरू झाली, ती न्यायालयाच्या आदेशातून आलेली. व्हॉट्सॲपवर ती पूर्ण देशाची होऊन फिरते. ठाण्यात १५ वर्षांची खासगी गाडी तपासून घ्या, शुल्क आणि कर भरा, पुढची ५ वर्षं चालवा. ताई, त्या गाडीकडे नंतर येतो. आधी टेम्पो.

वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये माझी उमर गेली. पासिंगच्या आदल्या रात्री गाड्यांची रांग लागायची आणि प्रत्येक मालकाचं वाक्य ठरलेलं, "काका, फक्त पासिंगपुरतं करून द्या." म्हणजे ब्रेक पासिंगपुरता लागला पाहिजे, नंतर देव बघेल! तुम्ही गाडी न्यायचीच म्हणताय हे वाचून बरं वाटलं.

एक वर्षाचं कारण सोपं आहे. नोव्हेंबर २०१८ च्या केंद्राच्या दुरुस्तीपासून परिवहन वाहनाला, म्हणजे धंद्याच्या गाडीला, वयाची ८ वर्षं होईपर्यंत फिटनेस २-२ वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी. तुमची गाडी जुलै २०१७ ची. २०१९, २०२१, २०२३ असं दोन-दोन वर्षांनी झालं, २०२५ ला ८ पूर्ण झाली आणि तिथून वर्षाला एक. पप्पांचं चुकलं नाही, त्यांच्या हातात गाडी असेपर्यंत दोनच वर्षं होती.

आता कुठे. गाडीच्या नंबरावर पहिला अंदाज येतो: ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. तुमचं मूळ कार्यालय ठाणे, म्हणजे मर्फीचं आरटीओ. पण ऑफिस आणि गाडी तपासायची जागा एकच असते असं धरू नका. उच्च न्यायालयाने ब्रेक बघायला २५० मीटरचा ट्रॅक हवा असं बजावलं, तेव्हा ज्या कार्यालयांच्या अंगणात तेवढी जागा नव्हती त्यांच्या गाड्या दुसरीकडे जायला लागल्या. ठाण्याच्या गाड्या कल्याणजवळ नांदिवलीला जायच्या. पप्पांना आठवतो तो ट्रॅक तोच असणार. नवी मुंबईवाल्यांचा ट्रॅक नेरूळला. त्यात आता ऑटोमेटेड केंद्रांची भर पडतेय. ज्या कार्यालयाच्या हद्दीत असं मान्यताप्राप्त केंद्र सुरू झालंय तिथे व्यावसायिक गाडी त्या केंद्रातच जाते, जिथे नाही तिथे अजून मोटार वाहन निरीक्षक स्वतः बघतो. म्हणून माझ्या सांगण्यावर किंवा एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका. परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे ५ आकडे टाकून फिटनेसचा अर्ज भरा, पैसे तिथेच भरा, अपॉइंटमेंट घ्या. त्या स्लिपवर जे ठिकाण छापून येईल तेच खरं. आणि स्लॉट महिनाअखेरीचा घेऊ नका, दोन आठवडे आधीचा घ्या. गाडी नापास झाली तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

तपासतात काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोक रंग मारून नेतात आणि ब्रेकला अडकतात.

ऑटोमेटेड केंद्र मी नाशिकला बघितलंय. तिथे गाडीचा एक एक ॲक्सल जमिनीतल्या दोन रोलरवर चढवतात. रोलर मोटरने फिरतात, चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. मग ड्रायव्हरला सांगतात, ब्रेक हळूहळू दाब. दणकन नाही. स्क्रीनवर डाव्या चाकाचा जोर वेगळा, उजव्याचा वेगळा दिसतो. खरी गंमत इथे होते. रस्त्यावर गाडी थांबते म्हणजे ब्रेक चांगला, असं आपण समजतो. पण एका बाजूचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) गळत असेल तर लायनिंगला, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीला, ऑइल लागतं, ते चाक अर्धाच जोर देतं. कोरड्या रस्त्यावर कळत नाही. पावसात जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, आणि तोपर्यंत शेजारून रिक्षा आलेली असते. हा फरक रोलरवर लपत नाही. मग तसाच हँडब्रेक.

पुढची चाकं एका हलणाऱ्या प्लेटवर उभी करतात. प्लेट डावी-उजवी सरकते आणि खाली खड्ड्यात उभा असलेला माणूस बॅटरी मारून किंगपिन, टाय-रॉडचे जॉइंट आणि बुश, म्हणजे चाक धरणारे आणि वळवणारे सांधे, बघतो. ढिलाई असेल तर तिथे चाक एकीकडे आणि ॲक्सल एकीकडे असं नाचताना दिसतं. याशिवाय हेडलाइटचा झोत, धूर, साइड स्लिप, स्पीडोमीटर, हॉर्न.

निरीक्षक हाताने तपासतो तिथे यंत्रं नसतात, पण बघायचं तेच. ट्रॅकवर पळवून ब्रेक, सगळे दिवे, वायपर, आरसे, टायर, नंबरप्लेट, चेसिस नंबर, रेडियम. निरीक्षक गाडीसमोर उभा राहून मोबाईलवर स्वतः फोटो काढतो. आता तुमच्या एजंटचं "गाडी नको, फोटो पाठवा" याचा अर्थ काय, तो तुम्हीच लावा. असा कागद मिळाला आणि उद्या अपघात झाला तर सही कुणाची होती हे कोणी विचारत नाही, मालकाचं नाव विचारतात.

घरी बघून घ्या. सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल तर गाडी रिकामी करून उतारावर उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक वर, पाय ब्रेकवरून उचला. चाकाला आधी विटेचा अटकाव लावून ठेवा. सरकली तर मागच्या ड्रमची केबल बघा. या गाड्यांत ती ताणली जाते, आणि भांडीवाल्यांचा ड्रायव्हर दर दारात हँडब्रेक ओढतो म्हणजे तुमची लवकर जाणार. नंतर रात्री भिंतीसमोर उभी करून एकेक दिवा: डिपर, इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स, नंबरप्लेटचा छोटा. पावसाळ्यात मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरून हिरवं चढतं, बल्ब चांगला असूनही लागत नाही.

रेडियम टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मान्यताप्राप्तच घ्या आणि प्रमाणपत्र मागून घ्या, रस्त्यावरची दहा रुपयांची पट्टी चालत नाही. स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) कोणी गळ्यात मारायला आलं तर थांबा. ज्या चारचाकीचा कमाल वेगच ८० च्या आत असल्याचं प्रमाणित आहे तिला तो वेगळा लावायचा नसतो. कंपनीच्या शोरूमकडून तुमच्या मॉडेलचं लेखी घ्या. जीपीएस आणि पॅनिक बटणही तुम्हाला नाही, ते प्रवासी गाड्यांना.

आणि हो, गाडी आतून-खालून धुवून न्या. चिखलाखाली चेसिस नंबर दिसला नाही की तो निरीक्षक वायर ब्रश घेऊन बसणार नाही.

फायलीतला_माणूस

मी बस कंत्राटदाराकडे कागदपत्रं बघतो, रोजचं काम हेच. काकांनी यंत्र सांगितलं, मी पिशवीतलं सांगतो.

ताई, पिशवीत आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, भरलेल्या टॅक्सची पावती आणि जुना फिटनेस एवढं असू द्या. गाडी ८ वर्षांच्या वर गेल्यामुळे पर्यावरण कर लागू होतो. तो बाकी असेल तर गाडी कितीही चकाचक असली तरी अर्ज पुढे सरकणार नाही. गेल्या वर्षी भरला का ते पावत्यांत शोधा. तुमची एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडून आलेली नसणार. ती बसवली नसेल तर आधी ती. सरकारने ठरवलेला दर टेम्पो-कारसारख्या चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, दुचाकीला ४५०. अधिकृत वेबसाइटवरूनच बुक करा, त्यातही नकली साइट फिरतात.

परमिट विचारतील असं कोणी घाबरवलं तर: एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागतच नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ६६. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो.

पत्ता मात्र बदला. कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं. तुमचा ऐरोलीचा पत्ता नवी मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो. पण या महिन्यात तो खेळ काढू नका, पासिंग आणि पत्ता एकात एक अडकतील. आधी फिटनेस ठाण्यात, मग शांतपणे पत्ता. नंबर एमएच-०४ च राहतो, तो बदलत नाही.

मुदत संपल्यावर "दोन दिवसांनी काय होतंय" म्हणून गाडी बाहेर काढू नका. फिटनेस नसलेली व्यावसायिक गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणीच नसलेली गाडी असते, कलम ५६ असंच म्हणतं. कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत आणि कैदेचीही तरतूद. ऐरोली टोलजवळ गाडी बाजूला घेतली की मागे भरलेली भांडी आणि पुढे लग्नघरचे फोन. दंडापेक्षा तेच महाग पडतं.

साडेसहा हजारांबद्दल: अर्ज भरताना पोर्टल शुल्काची फोड करून दाखवतो, प्रमाणपत्राचे वेगळे, तपासणीचे वेगळे. शुल्क गाडीच्या प्रकारावर आणि वयावर आहे. ती पावती हातात घ्या आणि मग एजंटला विचारा उरलेले कशाचे. एजंट ठेवणं गुन्हा नाही. आमचाही एक आहे, पण तो रांगेत उभं राहायचे पैसे घेतो, गाडी न दाखवायचे नाही.

तुर्भेकर

भंगाराचं मान्य, काका. माझ्या मेहुण्याने सांगितलं होतं, त्याला आता हा धागाच पाठवतो. पण भाऊ, दिवस वाया जातो हे तरी खरं की नाही?

गॅरेजकाका

जातो. खोटं कशाला सांगू. पण दिवस जातो तो बहुतेक वेळा गाडीतल्या दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी.

भांडीवाली_ऐरोली

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. पिशवी अख्खी पलंगावर उलटी केली. पर्यावरण कराची पावती सापडली, जुन्या इन्शुरन्सच्या आत घडी घातलेली. नंबरप्लेट पप्पांनी बसवून घेतली आहे.

उताराचा प्रयोग काल केला. ड्रायव्हर आधी हसत होता. "ताई, माझी गाडी आहे ती, मला माहितीये." हँडब्रेक पूर्ण वर ओढला, कर्र कर्र कर्र आवाज आला, पाय उचलला, आणि टेम्पो आरामात मागे येऊन विटेवर टेकला. म्हणजे इतके दिवस तो गाडी गियरमध्ये टाकून उभी करत होता आणि हँडब्रेक नुसता सवयीने ओढत होता! रबाळ्याच्या मेकॅनिकने ड्रम उघडला. केबल एका ठिकाणी तारा तुटून फुलली होती आणि डाव्या बाजूच्या लायनिंगवर काळं चिकट ऑइल होतं. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच. व्हील सिलिंडर, केबल, लायनिंग बदललं. पावसात ती गाडी उजवीकडे का ओढते ते आज कळलं. पप्पा म्हणायचे रस्ताच तसा आहे.

आता वॅगन आरबद्दल कोणी सांगेल का? तिचं फिटनेस सर्टिफिकेट मला कुठेच सापडत नाही.

फायलीतला_माणूस

सापडणार नाही, कारण नसतंच. खासगी गाडीला वेगळं प्रमाणपत्र नाही. नवीन घेतली की नोंदणीच १५ वर्षांची मिळते, आरसीवर मुदत लिहिलेली असते ती तीच. १५ वर्षांनी करायचं ते नोंदणीचं नूतनीकरण, लोक त्याला री-पासिंग म्हणतात. फॉर्म २५, मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधी भरता येतो. म्हणजे ऑगस्टची गाडी असेल तर तुमची खिडकी आताच उघडली आहे. गाडी निरीक्षकाला दाखवायची, पास झाली की ५ वर्षं, आणि पुन्हा ५ वर्षांनी तेच.

पैसे जरा लागतात. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खासगी कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये आहे, दुचाकीचं १,०००. २० वर्षं ओलांडली की २०२५ च्या दुरुस्तीनंतर कारला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा, दुचाकीला ३००. गाडी वापरत असाल आणि इंजिन ठीक असेल तर करा. नुसती गच्चीवरच्या सामानासारखी झाकून ठेवलेली असेल तर हे पैसे भरण्याआधी घरात एकदा बोला.

पीयूसीची मुदत आरसीवरचा भारत स्टेज (बीएस, म्हणजे धुराच्या नियमांचा टप्पा) बघून कळेल. बीएस-४ असेल तर १२ महिने, त्याआधीची असेल तर ६.

गॅरेजकाका

वॅगन आरला नेण्याआधी एअर फिल्टर आणि प्लग बघून घे पोरी, आणि गाडी गरम करून पीयूसीला लाव. थंड इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड जास्त दाखवतं आणि पीयूसीवाला म्हणतो इंजिन उतरवा. मी कित्येकांची इंजिनं अशी उतरण्यापासून वाचवली आहेत.

भांडीवाली_ऐरोली

झालं टेम्पोचं! लिहायला उशीर झाला, मध्ये दोन वास्तुशांती होत्या.

स्लिपवर ट्रॅक आला होता, यंत्रांचं केंद्र नाही. पहाटे निघालो तरी पुढे रांग होतीच, रिक्षा जास्त. तिथे गेल्यावर समजलं की अर्धी रांग फक्त एका माणसाच्या वायर ब्रशची वाट बघत असते. ज्याच्याकडे ब्रश त्याच्याकडे सगळे. आमचा चेसिस नंबर ड्रायव्हरने आदल्या रात्रीच घासून त्यावर हलकं ग्रीस लावून ठेवलं होतं, तिथे कपड्याने पुसला की अक्षरं स्वच्छ.

निरीक्षक बाई होत्या. त्यांनी आधी चेसिस नंबर स्वतः वाचला, आरसीशी ताडला, मग एकेक दिवा. आणि रिव्हर्स लाइट लागेना! घरी लागला होता. बाई म्हणाल्या, "बाजूला घ्या, करून आणा." गेटबाहेर एका इलेक्ट्रिशियनने होल्डर उघडला तर आत पाण्याचे थेंब. काडीने खरवडून, फुंकर मारून, बल्ब फिरवून बसवला आणि वर सिलिकॉन लावून दिलं. परत रांगेच्या तोंडाशी उभं केलं तेव्हा मागचे दोन रिक्षावाले कुरकुरले, साहजिक आहे. मग बाईंनी ड्रायव्हरला ट्रॅकवर पळवून ब्रेक मारायला लावला. गाडी सरळ थांबली. मी बघत होते, अगदी सरळ.

पिवळी टेप डाव्या बाजूला जिथे गॅसची शेगडी चढवताना घासते तिथे सोललेली होती. त्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळेला हे चालवून घेणार नाही." तिथेच नवीन लावून घेतली. प्रमाणपत्र ऑनलाइन आलं, एक वर्षाचं.

एजंटचा परत फोन आला होता. त्याला म्हटलं गाडी दाखवून झाली. तो म्हणाला, "कशाला एवढा त्रास घेतलात ताई." त्याला हँडब्रेकचं सांगितलं नाही.

कोपरीचा_रिक्षावाला

ताई, तुमच्या मागच्या रांगेत मीच नव्हतो ना? मस्करी करतो. मला एक सांगा कोणीतरी: माझा फिटनेस संपून थोडे दिवस झाले, गावी आजारपण होतं. स्टँडवर म्हणतात दिवसाला ५० रुपये भरावे लागणार. आणि मीटरचं पासिंग यातच होतं का?

फायलीतला_माणूस

दिवसाला ५० चं कलम केंद्राच्या नियमात डिसेंबर २०१६ पासून आहे, नियम ८१. २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सी संघटनांनी त्यावर आंदोलन केलं आणि राज्य सरकारने वसुलीला स्थगिती दिली होती. आज तुम्हाला किती लागेल ते अर्ज भरताना रकमेच्या फोडीत दिसेल. स्टँडवरच्या आकड्यावर एजंटच्या हातात रोख देऊ नका. आणि फिटनेस हातात येईपर्यंत रिक्षा धंद्याला काढू नका.

मीटर वेगळं. मीटरची पडताळणी वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाची, तिचा कागद वेगळा. पण ट्रॅकवर जाताना सोबत ठेवा, सील तुटलेलं दिसलं तर अडवतात.

कोपरीचा_रिक्षावाला

आणि जीपीएस?

गॅरेजकाका

तीनचाकीला नाही. आणि तू येताना वायर ब्रश घेऊन ये.